लाल गिटार, मिरजेच्या नजरेतून

पाचगणीत पाहुण्यांना टेबललँड दाखवून झालं की सेंट पीटर्स शाळेच्या रस्त्याला एक वाक्य हमखास येतं, 'फ्रेडी मर्क्युरी इथलाच विद्यार्थी.' ते खरंही आहे. १९४६ साली झांजिबारमध्ये जन्मलेला फारोख बुलसारा लहानपणीच या बोर्डिंगात आला, इथंच त्याला फ्रेडी हे नाव पडलं, आणि 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो पियानोवर बसायचा. पुढे १९७० साली लंडनमध्ये क्वीन हा बँड उभा राहिला, तेव्हा त्याच्या शेजारी गिटार घेऊन उभा होता ब्रायन मे. आपल्याकडचा अभिमान फ्रेडीपाशी थांबतो. त्याचं नवल नाही, पण वाईट वाटतं. कारण ब्रायन मेनं जे केलं, ते नीट समजून घ्यायला मिरजेइतकं योग्य गाव दुसरं नाही.

फ्रेडीचं नातं इथल्या एका शाळेशी होतं. ब्रायनचं नातं कामाचं आहे. तारेला जिथं जिथं काही टेकतं, तिथं तिथं तिचा आवाज ठरतो: खालची घोडी, वरच्या टोकाचा मेरू, स्वराचा पडदा, छेडणारी नखी, ताणणारी खुंटी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ब्रायन मे हा रॉक संगीतातला असा माणूस आहे, ज्यानं या प्रत्येक ठिकाणाचा स्वतः विचार केला, स्वतःच्या हातानं ते घडवलं, आणि पन्नासहून जास्त वर्षं त्यावरच वाजवलं.

१९६३चा ऑगस्ट. ब्रायन सोळा वर्षांचा. दुकानातल्या फेंडर, गिब्सन गिटारी घराच्या ऐपतीबाहेरच्या. वडील हॅरल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे ड्राफ्ट्समन आणि हातानं सगळं करणारे. बापलेकांनी ठरवलं की गिटार घरीच करायची. हीच ती लाल गिटार. जवळपास दोन वर्षं लागली आणि खर्च आला साधारण आठ पौंड.

गिटारची नेक, म्हणजे दांडी, अठराव्या शतकातल्या एका शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची आहे. लाकडाला कीड लागून भोकं पडली होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. मधला ठोकळा जुन्या टेबलाच्या ओकचा, बाजूला ब्लॉकबोर्ड आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. आतून काही भाग पोकळ. फ्रेटबोर्डवरच्या, म्हणजे नेकवर फ्रेट (पडदे) ठोकलेल्या पट्टीवरच्या, खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या, कडेची पांढरी पट्टी फडताळाच्या कडेला लावतात ती. गरिबीतल्या जुगाडाची गोष्ट म्हणून हे सगळं फार वेळा सांगितलं जातं, आणि मला तो रोख पटत नाही. शेकोटीवरचं लाकूड दोनशे वर्षं मुरलेलं होतं. त्यातलं पाणी कधीच निघून गेलेलं, पीळ पडायचा तेवढा पडून गेलेला. नेकसाठी यापेक्षा चांगला तुकडा पैसे मोजूनही मिळाला नसता. मिरजेत तुणीच्या लाकडाची दांडी करायच्या आधी लाकूड वाळत ठेवतात आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे पूर्ण सुकल्याशिवाय त्यांना हात लावत नाहीत, त्यामागं हाच हिशेब आहे.

आपल्या हवेत तर हा हिशेब आणखी कडक. पाचगणी-महाबळेश्वरला पावसाळाभर हवा ओलीचिंब, आणि एप्रिलात सांगली-मिरजेला पारा चाळिशीला टेकलेला, हवा कोरडी. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात अकुस्टिक गिटारची वरची फळी फुगते, घोडी उचलली जाते आणि तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन तळहाताला टोचतात. जुलैत तारा उंच झाल्या म्हणून घोडीतलं सॅडल (तारा टेकतात ती छोटी पट्टी) घासून कमी करणारे पुष्कळ असतात. डिसेंबरात फळी खाली बसते आणि तीच गिटार सगळीकडे खडखडायला लागते, मग नवं सॅडल आलं. आधी नेक बघायची. पहिला आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. ती ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावी. जास्त असेल तर नेकच्या आतली पोलादी सळी, म्हणजे ट्रस रॉड, पाव वेढा आवळायचा आणि एक दिवस थांबायचं, कारण लाकूड लगेच बसत नाही. त्यानंतर बाराव्या फ्रेटवरची उंची मोजायची: अकुस्टिकला बारीक तारेखाली २ आणि जाड तारेखाली २.५ मिलिमीटर, इलेक्ट्रिकला १.६ आणि २. एवढं करूनही तार उंच राहिली तरच सॅडलला हात लावा, आणि तोही शक्यतो हिवाळ्यात.

ब्रायनच्या गिटारवर तारेची लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर आहे आणि फ्रेट २४. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. ते कानानं ऐकून वर-खाली सरकवता येतात, रागाप्रमाणे बदलताही येतात. गिटारचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला, म्हणून तिथं गणित आधी. उरलेली लांबी १७.८१७ने भागत जायची. पहिला फ्रेट ३४.२१ मिलिमीटरवर. उरले ५७५.३९, त्याला पुन्हा भागलं की दुसरा आणखी ३२.२९ पुढे. बारावा बरोबर मध्यावर ३०४.८ला आणि चोविसावा ४५७.२ला यायलाच हवा, नाहीतर मध्ये कुठंतरी चुकलंय. खरी गडबड खुणा करताना होते. प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजला तर पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक दर वेळी साठत जाते. सगळी मापं सुरुवातीच्या एकाच रेघेपासून घ्यायची, पोलादी पट्टी न हलवता. शेवटच्या दोन फ्रेटमध्ये जेमतेम ९ मिलिमीटर अंतर असतं. तिथं अर्ध्या मिलिमीटरची चूक कानाला टोचते.

त्या गिटारमध्ये मला सगळ्यांत जास्त आवडणारी गोष्ट दिसत नाही, आत आहे. तारा सैल करून स्वर लवचिकपणे खाली नेणारी दांडी, म्हणजे ट्रेमोलो, तेव्हाच्या बऱ्याच गिटारींवर असायची, आणि ती एकदा जोरात दाबली की गिटार बेसूर व्हायची. कारण घर्षण. तार सैल होते तेव्हा ती नटच्या (गिटारच्या मेरूच्या) खाचेतून थोडी सरकते, घोडीवरून थोडी सरकते आणि परत येताना पूर्ण येत नाही, मध्येच अडकते. ज्या खिळ्यावर किंवा स्क्रूवर ट्रेमोलोचा, तारा अडकवलेला पत्रा झुलतो, तिथंही घर्षण होतं. ब्रायन आणि हॅरल्ड यांनी ही तिन्ही ठिकाणं एकेक करून सोडवली. पत्रा झुलायला पोलादाची धार दिली, सुरीच्या पात्यासारखी व्ही आकारात घासलेली. धारेवर टेकलेल्या वस्तूला घासायला जागाच उरत नाही. तारांचा ताण तोलायला पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसवल्या. घोडीवर प्रत्येक तारेखाली हातानं केलेला छोटा रोलर, तार सरकली की तोही फिरतो. वरच्या बाजूला नटनंतर तारा सरळ रेषेत खुंट्यांपर्यंत जातात, बाजूला वळत नाहीत, आणि स्वर मोजला जातो तो नटला लागूनच ठोकलेल्या शून्य फ्रेटपासून. दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक. दोन वर्षं याच्यात गेली, हे लगेच पटतं.

मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचा मूळ धंदा शिकलगारीचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांच्या पिढीनं तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली, असं तिथं सांगतात. धारेचा हात वाद्याला लागला. सतारीची खुंटी पाहा: निमुळती लाकडी खुंटी, निमुळत्याच भोकात. जास्त घट्ट बसली तर झटके देत फिरते आणि स्वर उडी मारतो, सैल बसली तर तार स्वतःच्या ताणानं तिला उलटी फिरवते. दोन्ही निमुळतेपण तंतोतंत जुळलं पाहिजे. मग वर थोडा खडू. हे ज्याला जमतं त्याला त्या ट्रेमोलोची धार एका नजरेत कळेल.

आता नखी. ब्रायन प्लास्टिकच्या पिकनं वाजवत नाही, ब्रिटिश सहा पेन्सच्या नाण्यानं वाजवतो. प्लास्टिक वाकतं, आणि वाकण्यात बोटाची थोडी हालचाल खर्ची पडते. नाणं वाकत नाही. बोटानं जे केलं ते तसंच्या तसं तारेवर उतरतं. शिवाय नाण्याच्या कडेला बारीक चरे आहेत. नाणं तारेला समांतर धरलं तर आघात गोल येतो, थोडं तिरकं केलं की चरे तारेवर घासतात आणि स्वराच्या आधी एक खरखरीत व्यंजन उमटतं. त्याच्या गिटारला बोलल्यासारखा जो भाव येतो, तो पुष्कळसा या कडेतून. पोलादी तारेची नखी बोटात चढवून 'दा' आणि 'रा' वेगळे काढणाऱ्या सतारियाला हे नवं नाही. सहा पेन्सचं नाणं इथं कुठून आणायचं असं विचारणाऱ्यांसाठी: घरातल्या जुन्या डब्यात तांबं-निकेलची पंचवीस पैशांची पावली असेल तर तिचा व्यास १९ मिलिमीटर आहे, जवळपास तेवढाच. सवय होईपर्यंत पकड सैल ठेवा. घट्ट धरलं की बारीक तार तुटते, आणि गुंडाळलेल्या जाड तारा या धातूनं लवकर झिजतात, हेही धरून चाला.

पिकअपची, म्हणजे तारेची थरथर विजेत उतरवणाऱ्या चुंबकाच्या वेटोळ्याची, गोष्ट मिंडेशी, तार आडवी ओढून स्वर चढवण्याशी, जोडलेली आहे. ब्रायननं आधी बटणाच्या आकाराचे लोहचुंबक आणून, वर तांब्याची तार गुंडाळून पिकअप घरी केले होते. साधे स्वर चांगले यायचे, पण तार आडवी ओढली की चुंबकांच्या ध्रुवांच्या मांडणीमुळे खरवडल्यासारखा आवाज यायचा. गिटारवर ओढून ओढून एक-दीड स्वर चढवता येतो, सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मिंड निघते. ओढणं हाच ज्याच्या वादनाचा जीव, त्याला हा दोष सोसणारा नव्हता. त्यानं बर्न्स ट्राय-सोनिक हे तीन पिकअप विकत घेतले आणि आत अ‍ॅराल्डाइट हा कडक होणारा डिंक भरला. ही युक्ती आजही कामाची. वेटोळं सैल असेल तर मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतं आणि कर्कश शिट्टी वाजते, डिंकात बसलं की गप्प होतं. मेण वापरलं तर पुढेमागे पिकअप खोलता येतो. अ‍ॅराल्डाइट भरल्यावर आतली तार तुटली तर पिकअप गेलाच समजा, म्हणून भरण्याआधी मीटरवर रोध तपासून घ्या.

तिन्ही पिकअपना दोन-दोन स्विच: एक चालू-बंदचा, दुसरा दिशा उलटवणारा. पिकअप एकामागोमाग एक जोडलेले आहेत, त्यामुळे दोन चालू केले की आवाज जाड आणि मोठा होतो. त्यातल्या एकाची दिशा उलटवली की दोघांत सारखा असलेला भाग, मुख्यतः खर्ज, एकमेकांना खाऊन टाकतो आणि उरतो तो नाकातला, टोकदार, आर्त आवाज. साध्या गिटारवर हे करायचं तर एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल एवढंच काम. पण पिकअपवर पत्र्याचं झाकण असेल आणि ते त्याच तारेला जोडलेलं असेल, तर आधी ती जोडणी सोडवून अर्थला वेगळी तार न्यावी लागते. नाहीतर उलटवल्याबरोबर घोंघाट सुरू.

अँप्लिफायर वॉक्स एसी-३०, व्हॉल्व्हचा, आवाज पूर्ण सोडलेला. त्याच्या आधी ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर वाढवणारी डबी. ही कल्पना त्यानं रोरी गॅलघर या आयरिश गिटारवादकाकडून घेतली. डॅलस रेंजमास्टर या मूळ डबीत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतो. सुरुवातीला ५ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर, जो खर्ज अडवतो. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेसला ४७० किलोओहम आणि ६८ किलोओहम, एमिटरला ३.९ किलोओहम आणि त्याच्या जोडीला ४७ मायक्रोफॅरड, कलेक्टरवर १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलायचा रोध), बाहेर जाताना १० नॅनोफॅरड. बॅटरी ९ व्होल्टची. सांगलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून जमवता येईल एवढंच सामान. खर्ज का अडवायचा? कारण पूर्ण सोडलेल्या अँप्लिफायरला खर्ज जास्त मिळाला की आवाजाचा चिखल होतो. वरचे सूर पुढे ढकलले की तोच अँप्लिफायर गाऊ लागतो, आणि गिटारवरचा आवाज थोडा कमी केला की स्वच्छही होतो.

इथं चुकायच्या जागा तीन. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेनं गळका होतो. आपल्या एप्रिल-मेमध्ये बंद हॉलमध्ये सकाळी बरा असलेला बूस्टर संध्याकाळी फाटलेला वाटतो. बॅटरीच्या अर्थच्या मानानं कलेक्टरवर साधारण ७ व्होल्ट आहेत का, हे वाजवायच्या खोलीतच तपासावं. नाहीतर सिलिकॉनवर जावं, ब्रायनच्या पुढच्या डब्यांतही सिलिकॉन आले. मात्र सिलिकॉनला वरचेच रोध चालत नाहीत, नकाशा वेगळा घ्यावा लागतो. दुसरं, मूळ सर्किट पॉझिटिव्ह अर्थचं आहे. बाकीच्या पेडलांच्या अ‍ॅडॉप्टरवर ते जोडलं की शॉर्ट. त्याला स्वतःची बॅटरी. तिसरं, गिटारनंतर पहिला नंबर बूस्टरचाच. मध्ये ट्यूनर किंवा दुसरं पेडल आलं की पिकअप आणि बूस्टर यांचं नातं तुटतं आणि नुसता किरटा आवाज उरतो.

दुसरा एक अँप्लिफायर सांगितलाच पाहिजे. बँडमधला बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. रस्त्याकडेच्या भंगाराच्या पेटीत सापडलेला एक सर्किट बोर्ड त्यानं एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्यातून ब्रायननं एकेक गिटार वेगळी ध्वनिमुद्रित करून थरावर थर रचले. क्वीनच्या १९७५च्या अल्बममधल्या 'गुड कंपनी'त जो जॅझ वाद्यवृंद ऐकू येतो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ते सगळं गिटारवर वाजवलेलं आहे. प्रत्येक वाद्याचा श्वास कुठं सुरू होतो आणि कुठं तुटतो हे ऐकल्याशिवाय तसं वाजवता येत नाही. त्याच्या वेगवान वादनाबद्दल फार लिहिलं जातं. मला हे काम त्याहून मोठं वाटतं.

बाकी आयुष्य थोडक्यात. जन्म १९ जुलै १९४७. इम्पीरियल कॉलेजात १९७० साली खगोलभौतिकीत डॉक्टरेटचं काम सुरू केलं, बँड चालू लागल्यावर १९७४च्या सुमारास ते बाजूला पडलं. १३ जुलै १९८५ला वेम्बलीला लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रम, २४ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडीचा मृत्यू. १९९८ साली ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिरानं त्या गिटारची डागडुजी केली. जून २००२मध्ये ब्रायननं तीच गिटार घेऊन बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभं राहून वाजवलं. आणि २००७ साली, साठीला पोचल्यावर, तीसहून जास्त वर्षं पडून राहिलेला प्रबंध पुरा केला. विषय सूर्याभोवतीच्या धुळीच्या ढगाच्या गतीचा. ती धूळ आपल्याकडूनही दिसते. फेब्रुवारी-मार्चच्या अमावास्येच्या आसपास कासच्या बाजूला, जिथं दिवे नाहीत तिथं, सूर्य मावळून तास-सव्वा तास झाला की पश्चिमेला क्षितिजावरून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेड दिसतो, तोच राशिचक्रीय प्रकाश. २०२३ साली ब्रायनला सर किताब मिळाला.

आता ज्यासाठी मिरजेचं नाव घेतलं, ते. १९७४च्या दुसऱ्या अल्बममधलं 'व्हाइट क्वीन' आणि १९७८च्या 'जॅझ' अल्बममधलं 'जेलसी' नीट ऐका. अकुस्टिक गिटारला सतारीसारखी झणकार आहे. ती लाल गिटार नव्हे. ती एक जुनी स्वस्त अकुस्टिक. ब्रायननं तिला कठीण लाकडाची घोडी केली, छिलून छिलून वरून सपाट केली, आणि फ्रेटच्या तारेचा छोटा तुकडा तारांखाली असा ठेवला की तारा त्यावर अगदी हलक्या टेकतील. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यानं गिटारला जवारी लावली.

सतारीची घोडी तारेच्या दिशेनं अडीच-तीन सेंटीमीटर रुंद असते, वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला डोळ्याला न दिसणारा उतार असतो. तार थरथरते तेव्हा ती त्या उतारावर टेकते-सुटते, टेकते-सुटते, आणि दर वेळी वरच्या सुरांचा एक झोत बाहेर पडतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं. तार जिथं छेडली तिथं ज्या उपस्वराचा (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुराचा) बिंदू स्थिर असतो, तो उपस्वर साध्या घोडीवर ऐकू यायला नको. तंबोरा-वीणेच्या घोडीवर तो ऐकू येतो, कारण घोडीच त्याला जन्म देते. उतार जास्त ठेवला तर झणकार कमी, ती बंद जवारी. उतार अगदी नावाला ठेवला तर खुली. मधली गोल. हाडावर किंवा शिंगावर कानस फिरवून, तार चढवून, ऐकून, पुन्हा उतरवून हे काम होतं. डोळ्यानं होत नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या गाण्याला लागणारे तंबोरे इथल्याच हातांनी जुळवले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या कानाचा वाटा लाकडापेक्षा मोठा आहे.

ब्रायनची पद्धत घरी करून पाहता येते. स्वस्त, पोलादी तारांची अकुस्टिक घ्या. नायलॉनच्या तारांना हे लागू पडत नाही, आणि सॅडलखाली पिकअप असलेली गिटार नको. तारांचा सेट ०.०१० किंवा ०.०११चा. मूळ सॅडल काढून जपून ठेवा आणि तिची दोन्ही टोकांची उंची लिहून ठेवा. शिसवीचा तुकडा असा कापा की खालची जीभ सॅडलच्या खाचेत घट्ट बसेल, साधारण ३ मिलिमीटर जाड, आणि वरचा भाग १० ते १२ मिलिमीटर रुंद राहील, रुंदी नेककडच्या बाजूला जास्त. वरचा भाग काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून सपाट करा, शेवटी ८००. आता फ्रेटच्या तारेचा तुकडा, खालची धार कानशीनं काढून, नेककडच्या कडेजवळ आडवा ठेवा. तारा चढवून पूर्ण सुरात आणा आणि छेडा.

पहिल्यांदा बहुधा काहीच होणार नाही. तार तुकड्यावर दाबून बसली असेल तर तो तुकडाच नवी घोडी झाला, झणकार नाही. तार अधांतरी असेल तर तुकडा असून नसल्यासारखा. मधली जागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी. वहीचा साधा कागद तेवढाच जाड असतो, म्हणून कागदाच्या पट्ट्या तुकड्याखाली एकेक वाढवत किंवा काढत जा. झणकार उघडली की पट्ट्यांच्या जागी तेवढ्याच जाडीचा पितळी पत्रा घालून चिकटवा. कागद ओलसर हवेत दबतो. गुंडाळलेल्या जाड तारांवर ही झणकार पत्र्यासारखी वाजते, तेव्हा खालच्या तीन बारीक तारांपुरतं काम करणं बरं. खडखड नेमकी कुठली, हे ओळखायला तार वेगवेगळ्या फ्रेटवर दाबून छेडा: सगळीकडे सारखी राहिली तर ती जवारीची, एखाद्या फ्रेटवर अचानक वाढली किंवा गेली तर ती फ्रेटची. तार टेकायची जागा पुढे आल्यामुळे बाराव्या फ्रेटवर स्वर थोडा चढा येतो. तुकडा मागे सरकवून तो उतरवा, आणि सरकवल्यावर पट्ट्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. पोलादी तार शिसवीत खाच पाडते, की झणकार बसते. रोज वाजवणाऱ्याला काही महिन्यांत पुन्हा घासावं लागतं, सतारीलाही लागतंच.

हे स्वतः करायचं नसेल तर गिटार घेऊन मिरजेला जा. तारा उतरवून नेऊ नका. जवारी ताणलेल्या तारेवरच लागते आणि ताण बदलला की बिघडते, म्हणून ज्या स्वराला वाजवणार त्याच स्वराला जुळवून न्या, सोबत त्याच जाडीच्या तारांचा एक जादा सेट आणि मूळ सॅडल. कारागिराला आधी 'व्हाइट क्वीन' फोनवर ऐकवा. खुली हवी की गोल, हे तो ऐकूनच सांगेल.